व्यावसायिक कबड्डीपटूची कारकीर्द : लालबाग-परळच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

खेळाडूची कारकीर्द म्हटली की सामने, पदके आणि पुरस्कार यांची यादी समोर ठेवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. या यादीतून खेळाडूचे कर्तृत्व कळते. परंतु त्या कर्तृत्वामागील आर्थिक व्यवस्था कळत नाही. खेळाडूचा उदरनिर्वाह कशावर चालतो, दुखापतीच्या काळात त्याचे वेतन कोण देते, हंगाम संपल्यावर तो कोठे जातो आणि वयाच्या पस्तिशीनंतर त्याच्या हाती काय उरते, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज 'व्यावसायिक खेळाडू' ही संज्ञा पूर्ण अर्थाने समजत नाही.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न कबड्डीच्या संदर्भात विचारात घेतले आहेत. त्यासाठी मुंबईतील लालबाग, परळ, लोअर परळ, डिलाईल रोड या एकमेकांना लागून असलेल्या आणि 'गिरणगाव' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिसराची निवड केली आहे. कबड्डीपटूच्या उपजीविकेचे तीन टप्पे, म्हणजे गिरणी, आस्थापनेतील नोकरी आणि लीगचा लिलाव, या एकाच परिसराच्या इतिहासात स्पष्टपणे पाहावयास मिळतात. या परिसरातून घडलेल्या आंतरराष्ट्रीय खेळाडू सोनाली शिंगटे यांची कारकीर्द विवेचनाच्या मध्यभागी ठेवली आहे. महाविद्यालयाच्या मैदानातून ही वाटचाल सुरू झाली असल्याने प्राध्यापक वर्गाशी या विषयाचा थेट संबंध येतो.

'व्यावसायिक' या शब्दाचे दोन अर्थ

इंग्रजी वृत्तपत्रांतून भारतीय कबड्डीतील व्यावसायिकतेचा आरंभ २०१४ या वर्षापासून, म्हणजे प्रो कबड्डी लीगच्या स्थापनेपासून मानला जातो. महाराष्ट्रातील कबड्डी रसिकाला मात्र हा शब्द त्यापूर्वीच परिचित होता. राज्यातील निमंत्रित स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेत स्थानिक गट, महिला गट, कुमार गट यांच्या बरोबरीने 'व्यावसायिक गट' असे आणि त्यातून महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, रेल्वे अशा आस्थापनांचे संघ उतरत. येथे 'व्यावसायिक' याचा अर्थ आस्थापनेच्या सेवेत असलेला आणि तिच्या वतीने खेळणारा खेळाडू असा होता.

२०१४ नंतर याच शब्दाला दुसरा अर्थ प्राप्त झाला. लिलावात बोली लागलेला आणि ठरावीक हंगामापुरता संघमालकाशी करारबद्ध झालेला खेळाडू म्हणजे व्यावसायिक, असा हा नवा अर्थ होय. पहिल्या अर्थात खेळाडूला वेतन नोकरीचे मिळते आणि खेळासाठी सवलत मिळते. दुसऱ्या अर्थात खेळाचेच मोल मिळते, परंतु नोकरी मिळत नाही. हे दोन्ही अर्थ आज एकाच वेळी प्रचलित असल्याने विद्यार्थी, पालक आणि कित्येकदा शिक्षकही एकाचा लाभ दुसऱ्यात गृहीत धरतात. पुढील विवेचनात हा भेद सतत लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

गिरणगाव आणि कबड्डी

कबड्डी, अथवा जुन्या नावाने हुतूतू, हा मूलतः ग्रामीण खेळ. त्याचे नियम बांधण्याच्या कामात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्राने पुढाकार घेतला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक सादर केले आणि १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. खेळाच्या संघटनकार्यात आयुष्य वेचणारे शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिन महाराष्ट्रात 'कबड्डी दिन' म्हणून पाळला जातो. या खेळातील पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ मध्ये सदानंद शेटे या मराठी खेळाडूस मिळाला.

हा ग्रामीण खेळ महानगराच्या मध्यभागी रुजला, याचे श्रेय कापड गिरण्यांमुळे झालेल्या स्थलांतराला द्यावे लागते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आणि आजचा सिंधुदुर्ग या भागांतून आलेला कामगार लालबाग-परळच्या चाळींतून राहू लागला. एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने राहत असल्याने मोकळा वेळ घराबाहेरच काढावा लागे. व्यायामशाळा, भजनी मंडळे, गणेशोत्सव मंडळे आणि कबड्डीचे संघ हे या बाहेरच्या जीवनाचे भाग होते. खेळास साधन लागत नसे. पुरुषांच्या मैदानाची अधिकृत लांबी-रुंदी १३ मीटर व १० मीटर. एवढी जागा चाळींच्या मधल्या वाडीत किंवा जवळच्या मैदानात मिळू शकत असे. तांबडी माती टाकून, चुन्याच्या रेषा आखून आणि दिव्यांच्या माळा लावून रात्री सामने होत. डिलाईल रोडवरील श्रमिक जिमखाना, दादरचे अमर हिंद मंडळ यांसारख्या संस्थांनी या खेळाला सातत्य दिले.

याच काळात कामगार कल्याणाची यंत्रणाही उभी राहिली. १९५३ च्या कामगार कल्याण निधी अधिनियमान्वये स्थापन झालेल्या मंडळाने कामगारांसाठी क्रीडास्पर्धा भरविल्या. प्रभादेवी येथील हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवनाच्या नावातच खेळ आणि गिरणी यांचे नाते नोंदले गेले आहे. या व्यवस्थेत खेळाडू हा प्रथम कामगार होता. त्याची कारकीर्द म्हणजे त्याची नोकरी. कबड्डी ही त्या नोकरीच्या आधाराने फुललेली प्रतिष्ठा होती. खेळ सुटला तरी पाळी सुटत नसे, ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी हमी होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने ही हमी संपुष्टात आणली. सुमारे अडीच लाख कामगार या संपात उतरले होते. संपानंतर अनेक गिरण्या पूर्ववत उभ्या राहू शकल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ अन्वये गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेस मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ गिरणीच्या रिकाम्या जागेपुरती मर्यादित झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली. क्रीडा अभ्यासकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, गिरणगावातील खेळाडूने आपला मालक गमावलाच. त्याच्या पुढील पिढीला मिळू शकणारी मैदानेही त्याच प्रक्रियेत कमी झाली.

आस्थापनांचे संघ : नोकरी हीच कारकीर्द

गिरण्यांची जागा हळूहळू बँका, रेल्वे, तेल कंपन्या, विमान कंपनी, पोलीस दल आणि काही खासगी उद्योग यांनी घेतली. क्रीडा कोट्यातून भरती हे या टप्प्याचे वैशिष्ट्य. खेळाडूस लिपिक, शिपाई, तिकीट तपासनीस, कामगार अशा पदांवर नियुक्ती मिळे. सरावासाठी कामाच्या वेळेत सूट आणि स्पर्धेसाठी विशेष रजा मिळे. महाराष्ट्र शासनानेही ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले व १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याच्या अटी सुधारल्या.

या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. एक, खेळाडूला वीस-बावीस वर्षांच्या वयात स्थैर्य मिळू लागले आणि चाळीतील पालकांच्या मनात 'खेळून पोट भरत नाही' या समजुतीला काही प्रमाणात छेद गेला. दोन, खेळाचे उद्दिष्ट बदलले. राज्य संघात निवड, राष्ट्रीय स्पर्धेतील सहभाग आणि त्याचे प्रमाणपत्र या गोष्टींना नोकरीच्या दृष्टीने मूल्य आले. अनेक गुणी खेळाडूंनी नोकरी मिळताच सराव कमी केला, अशी तक्रार प्रशिक्षक करीत आले आहेत. ही तक्रार समजण्यासारखी असली, तरी ज्या घरात एकच खोली आणि एकच मिळवता हात आहे तेथे नोकरी हेच पदक असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

माती ते मॅट

कबड्डी आंतरराष्ट्रीय झाली तसा तिचा पृष्ठभाग बदलला. बीजिंग येथील १९९० च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत तिचा पदकाच्या खेळांत समावेश झाला. पुढे मातीऐवजी मॅट रूढ झाली. हा बदल वरवर तांत्रिक दिसतो. मातीवर अनवाणी खेळता येते. मॅटवर विशिष्ट बूट लागतात. मातीवर घसरून सुटता येते. मॅटवर पाय रोवला जातो, त्यामुळे चढाईचा वेग वाढतो आणि गुडघ्यावर व घोट्यावर येणारा ताणही वाढतो. माती मंडळ स्वतः आणू शकते. मॅटसाठी मोठा खर्च आणि ती ठेवण्यास बंदिस्त जागा लागते. ज्या खेळाचे वैशिष्ट्य साधनविहीनता हे होते, त्याच्या वरच्या पायरीवर चढण्यासाठी आता साधन लागू लागले. गरीब घरातील खेळाडूच्या वाटेत हा एक नवा उंबरठा निर्माण झाला.

लिलावाचा टप्पा

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या राष्ट्रीय क्रीडा क्लबच्या बंदिस्त क्रीडागृहात यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यातील सामन्याने प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला. गिरणगावापासून हे क्रीडागृह हाकेच्या अंतरावर आहे. पहिल्या हंगामात ८ संघ होते. २०१७ पासून ते १२ झाले. पहिल्या लिलावात राकेश कुमार यांना मिळालेली १२ लाख ८० हजार रुपयांची बोली सर्वांत मोठी ठरली. २०१८ मध्ये मोनू गोयत यांची बोली १ कोटी ५१ लाखांवर गेली, २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई यांना १ कोटी ४५ लाख मिळाले, तर २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत यांची किंमत २ कोटी ६० लाखांच्या पुढे पोहोचली.

हे आकडे वाचताना दोन गोष्टींची नोंद घ्यावी. पहिली, ही शिखरावरची किंमत आहे. २०२३ च्या लिलावात खेळाडूंची विभागणी चार गटांत होती व मूळ किमती अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख रुपये होत्या. म्हणजे एकाच मैदानावर शेजारी उभ्या असलेल्या दोन खेळाडूंच्या मोबदल्यात वीस-पंचवीस पटींचे अंतर असू शकते. दुसरी, हा मोबदला हंगामाचा आहे. सातवा हंगाम १९ ऑक्टोबर २०१९ रोजी संपला आणि कोविड महामारीमुळे आठवा हंगाम थेट २२ डिसेंबर २०२१ रोजी सुरू झाला. मधली दोन वर्षे लीगचा एकही सामना झाला नाही. ज्यांच्या हाती नोकरी होती त्यांचे वेतन सुरू राहिले. ज्यांची सारी भिस्त लिलावावर होती त्यांना हा काळ साठवलेल्या पैशावर किंवा अन्य कामावर काढावा लागला. लीगने नोकरीची जागा घेतली नाही, ती नोकरीच्या पायावर उभी राहिली, हे या दोन वर्षांनी दाखवून दिले.

लीगमुळे खेळाला मिळालेले मोल नाकारता येणार नाही. दूरचित्रवाणीमुळे खेळाडूचा चेहरा घरोघर पोहोचला आणि फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, चित्रफितींच्या आधारे विश्लेषण करणारे प्रशिक्षक हे घटक प्रथमच कबड्डीत आले. तथापि ही सर्व सोय पुरुष खेळाडूपुरती राहिली. २०१६ मध्ये फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स या तीन संघांची महिलांची स्पर्धा लीगला जोडून घेण्यात आली. तीत आइस दिवाज संघाचे नेतृत्व मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होते. हा प्रयोग त्या एका वर्षापुरताच राहिला.

सोनाली शिंगटे : एका कारकिर्दीचा आलेख

या पार्श्वभूमीवर सोनाली शिंगटे यांची वाटचाल अभ्यसनीय ठरते. त्यांचा जन्म १९९५ मधला, लोअर परळचा. वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालविणारी. लहानपणी ओढ क्रिकेटची होती. परंतु त्यासाठी लागणारा खर्च घराला परवडणारा नव्हता. परळच्या महर्षी दयानंद महाविद्यालयात असताना त्या कबड्डीकडे वळल्या, तेही आरंभी आवड म्हणून. पुढे शिवशक्ती महिला संघात राजेश पाडावे यांच्या मार्गदर्शनाखाली नियमित सराव सुरू झाला. बूट व अन्य साहित्य घेण्याची ऐपत नसताना ते प्रशिक्षकांनी उपलब्ध करून दिले. मॅटच्या ज्या उंबरठ्याचा वर उल्लेख केला, तो येथे एका व्यक्तीच्या आस्थेने ओलांडला गेला. गौतमी आरोस्कर, सुवर्णा बारटक्के या ज्येष्ठ खेळाडूंचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. घरच्यांचा आग्रह मात्र अभ्यास सुटू नये असा होता, आणि तो त्यांनी सोडला नाही.

पश्चिम रेल्वेतील नोकरी हा या कारकिर्दीतील निर्णायक टप्पा होय. घराच्या आर्थिक विवंचनेस त्यामुळे उतार पडला आणि सरावासाठी निश्चित वेळ व सोयी मिळाल्या. भारतीय रेल्वेच्या संघातून राष्ट्रीय पातळीवर खेळताना त्यांची भारतीय संघात निवड झाली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्यपदक, २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, २०२० मध्ये राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार, २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणि मार्च २०२५ मध्ये तेहरान येथे आशियाई महिला अजिंक्यपद पटकाविणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व, असा हा चढता आलेख आहे.

या आलेखातील संस्थांचा क्रम पाहिला असता महाविद्यालय, स्थानिक संघ, रेल्वे आणि राष्ट्रीय संघ अशी साखळी दिसते. यांतील एकही कडी लिलावाची नाही. गिरणगावातील जुन्या पुरुष खेळाडूची गिरणी आणि आजच्या महिला खेळाडूची रेल्वे यांत तत्त्वतः फरक नाही. दोघांची कारकीर्द नोकरीने तोलून धरली आहे. त्यांच्या आधीच्या पिढीतही चित्र वेगळे नव्हते. २०१२ मध्ये पाटणा येथे झालेली पहिली महिला विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघातील सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तीन खेळाडूंना राज्य शासनाने प्रत्येकी १ कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. हा गौरव मोठाच होता. तथापि पारितोषिक एकदा मिळते, वेतन दरमहा मिळते.

जकार्ता २०१८ : एक तुलना

जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या दोन्ही संघांना सुवर्णपदक राखता आले नाही. पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून पराभूत होऊन कांस्यपदकावर थांबला. १९९० पासूनची सलग सुवर्णपदकांची मालिका तेथे खंडित झाली. महिला संघ अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ असा हरला. पुरुष संघात मुंबईचे रिशांक देवाडिगा होते, महिला संघात सोनाली शिंगटे.

देवाडिगा यांची कारकीर्द नव्या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण आहे. सांताक्रूझमध्ये वाढलेल्या या खेळाडूने शिक्षण अर्धवट सोडून हॉटेलात काम केले, पुढे देना बँक व भारत पेट्रोलियम यांच्या वतीने ते खेळले. लीगमध्ये यू मुंबा आणि नंतर यूपी योद्धा संघांकडून त्यांनी नाव कमावले. २०१७ मध्ये एका सामन्यात चढाईत २८ गुण मिळवून त्यांनी तेव्हाचा विक्रम नोंदविला. २०१८ च्या आरंभी त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि त्याच वर्षीच्या लिलावात त्यांना १ कोटी ११ लाख रुपयांची बोली लागली.

एकाच शहरातील, एकाच खेळातील, एकाच स्पर्धेत देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या या दोन खेळाडूंपैकी एकाला त्या वर्षी खेळाचे बाजारमूल्य मिळाले. दुसरीला तसे मूल्य मिळण्याची व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती. आणि ज्याला मिळाले त्याचीही सुरुवात आस्थापनेच्या संघातूनच झाली होती. यातून व्यावसायिकतेच्या दोन अर्थांमधील खरा संबंध स्पष्ट होतो. पहिला अर्थ पाया आहे, दुसरा कळस. आणि कळस केवळ पुरुषांच्या इमारतीवर चढला आहे.

आशियातील इतर अनुभव पाहिल्यास हा संबंध अपरिहार्य नव्हता, असे दिसते. फिलिपिन्समध्ये मनिला परिसरातील औद्योगिक व व्यापारी आस्थापनांच्या स्पर्धेतून बाहेर पडलेल्या ९ संघांनी १९७५ मध्ये बास्केटबॉलची व्यावसायिक लीग स्थापन केली. म्हणजे तेथे आस्थापनांचे संघच लीगचे संघ झाले. ज्या इंडोनेशियात २०१८ ची स्पर्धा झाली तेथेही २००३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बास्केटबॉल लीगमधील संघांमागे बँका व उद्योगसमूह उभे राहिलेले दिसतात. भारतात बास्केटबॉलला असा स्थिर आधार मिळाला नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली एक खासगी लीग २०१७ नंतर थांबली. लालबागपासून फार दूर नसलेल्या नागपाडा येथून १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर यांच्यासारखा खेळाडू घडला, तरी तेथील तरुणास खेळावर जगण्याचा मार्ग बहुधा रेल्वे-बँकेच्या भरतीतूनच शोधावा लागतो. कबड्डीला लीग मिळाली. परंतु ती आस्थापनांच्या संघांमधून वाढलेली नसून त्यांच्या शेजारी स्वतंत्रपणे उभारलेली आहे. त्यामुळे पाया खचला तर कळसाला त्याची जबाबदारी वाटत नाही.

पाया खचत असल्याच्या खुणा आहेत. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खासगी मालकीची झाली. 'व्यावसायिक गटा'त ज्या नावांचा दबदबा असे, त्यांपैकी काही नावे अशा रीतीने सार्वजनिक क्षेत्राच्या यादीतून गळाली आहेत. रेल्वे आणि पोलीस दलावरील भार त्यामुळे वाढला आहे.

महाविद्यालयाची भूमिका

या साखळीत महाविद्यालय ही पहिली कडी आहे आणि ती आपल्या हाती आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी मैदानावर चमकणाऱ्या विद्यार्थ्यास लीगचे स्वप्न पडणे स्वाभाविक आहे. त्यास नाउमेद न करता वस्तुस्थिती सांगणे हे शिक्षकाचे काम होय. लीगच्या १२ संघांत मिळून सामावणारे खेळाडू काही शेकड्यांच्या घरात आहेत आणि त्यांतही परदेशी खेळाडूंचा वाटा आहे. उलट क्रीडा कोट्यातील भरतीसाठी स्पर्धेच्या स्तराबरोबर त्या त्या पदाची शैक्षणिक अर्हता आवश्यक असते. पदवी अपुरी राहिलेला गुणी खेळाडू वरच्या पदास मुकतो. हजेरीचा प्रश्न, सत्र परीक्षेच्या दिवशी येणारी निवड चाचणी, दुखापतीनंतर बुडालेले प्रात्यक्षिक हे प्रश्न महाविद्यालयाच्या स्तरावर सुटले नाहीत, तर त्याची किंमत विद्यार्थ्याला पुढे पंधरा-वीस वर्षे मोजावी लागते.

प्रमाणपत्रांविषयीही जागरूकता हवी. कोणत्या संघटनेची स्पर्धा शासकीय सवलतीस पात्र आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी कोठे होते, ही माहिती विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी मिळाली पाहिजे. शारीरिक शिक्षण संचालकांवर हे काम सोपवून इतर विभागांनी निश्चिंत होणे योग्य नाही. वर्गशिक्षकाला आपल्या वर्गातील खेळाडू कोणत्या स्तरावर खेळतो हे ठाऊक असणे ही किमान अपेक्षा आहे.

विद्यार्थिनींच्या बाबतीत ही जबाबदारी अधिक आहे. त्यांच्यासाठी मोठ्या लिलावाचा पर्याय उभा राहिलेला नाही. सरावाची वेळ संध्याकाळची, घरची कामेही त्याच वेळची आणि मैदान दूरचे, अशा स्थितीत खेळ सोडून देण्याचा निर्णय बहुधा मुलगी एकटीने घेत नाही. तो तिच्यासाठी घेतला जातो. पालकांशी बोलणारा एक शिक्षक आणि बुटांची सोय करणारा एक प्रशिक्षक यांचे मोल अशा वेळी कोणत्याही योजनेइतकेच ठरते.

निष्कर्ष

१. 'व्यावसायिक' या शब्दाचे मराठी कबड्डीत दोन अर्थ आहेत. आस्थापनेच्या संघाचा जुना अर्थ २०१४ नंतर लोपला नाही. लीगच्या खेळाडूसही त्याचाच आधार लागतो.

२. गिरणी, आस्थापना आणि लीग या तीन टप्प्यांत खेळाडूचा मोबदला वाढत गेला, परंतु त्याच्या सुरक्षिततेचा कालावधी कमी होत गेला. आयुष्यभराच्या नोकरीपासून काही महिन्यांच्या करारापर्यंतचा हा प्रवास आहे.

३. महिला खेळाडूंच्या बाबतीत तिसरा टप्पा स्थिरपणे आलेलाच नाही. सोनाली शिंगटे यांची कारकीर्द महाविद्यालय, स्थानिक संघ आणि रेल्वे यांच्या बळावर उभी राहिली. अशी कारकीर्द पुन्हा घडावयाची असेल तर या तिन्ही संस्था टिकल्या पाहिजेत.

४. मैदाने, मॅट आणि साहित्य यांचा अभाव हा गिरणगावातील जमीनवापराच्या इतिहासाशी निगडित आहे; तो केवळ क्रीडा विभागाचा प्रश्न नाही.

५. महाविद्यालयाने खेळाडू विद्यार्थ्याची पदवी पूर्ण होईल याची दक्षता घेणे, हे त्याच्या क्रीडा कारकिर्दीला दिलेले सर्वांत टिकाऊ साहाय्य होय.

लालबाग-परळमध्ये आज गिरण्यांचे भोंगे वाजत नाहीत. कबड्डीचा दम मात्र अद्याप ऐकू येतो. तो दम घेणाऱ्या मुलामुलींपैकी फार थोडी लिलावाच्या मंचापर्यंत पोहोचतील. उरलेल्यांना खेळाने काय दिले, याचे उत्तर मोठ्या प्रमाणात आपल्या वर्गांतून आणि कार्यालयांतून घडणार आहे.